कुऱ्हाड ते काडेपेटी

नाशिकचा द्वारका चौक पाहिलाय ना? वर उड्डाणपूल, खाली रिक्षा, एस.टी., भाजीचे टेम्पो आणि हॉर्नचा नुसता कल्लोळ! मुंबई–आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. म्हणजे या चौकातून तीन मोठे रस्ते तीन दिशांना जातात. आज आपण या तिन्ही रस्त्यांवर एकच वस्तू शोधायला निघणार आहोत. ती म्हणजे सरपण, जळाऊ लाकूड.

पहिला रस्ता मुंबईकडचा. त्यावर लागते इगतपुरी. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. जून ते सप्टेंबर कोरडी काटकी मिळायची मारामार! म्हणून डोंगरातल्या गावांत भर उन्हाळ्यातच पावसाळ्याची बेगमी करतात. दुसरा रस्ता पुण्याकडचा. त्यावर लागतं सिन्नर. हा भाग पर्जन्यछायेचा, म्हणजे ढग पुढे येईपर्यंत जवळजवळ रिकामे झालेले असतात. इथे सरपण म्हणजे मुख्यतः बांधावरची बाभूळ. तिसरा रस्ता आग्र्याकडचा. त्यावर ओझर, पिंपळगाव बसवंत आणि द्राक्षांच्या बागाच बागा. या बागांची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. दर वेळी काड्यांचे ढीग पडतात.

तीन रस्ते, तीन ढीग. पण कुठल्याही ढिगापाशी उभे राहिलात तरी प्रश्न एकच विचारायचा: लाकूड तोडून किती दिवस झाले आणि त्या दिवसांत त्याचं काय केलं? कुऱ्हाड पडली तो दिवस आणि काडी ओढली तो दिवस, या दोघांच्या मधल्या काळातच सरपण चांगलं की वाईट हे ठरतं.

पैसे लाकडाचे की पाण्याचे?

झाड जिवंत असताना मुळांकडून पानांकडे सतत पाणी वर चढत असतं. झाड तोडलं तरी ते पाणी लगेच कुठे जात नाही, खोडातच राहतं. कितीतरी झाडांच्या ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असतं. विश्वास बसत नाही? मग हे गणित करा.

वखारीत लाकूड वजनावर मिळतं. समजा, तुम्ही निम्मं पाणी असलेलं १०० किलो ओलं लाकूड घेतलंत. त्यात खरं लाकूड फक्त ५० किलो. शेजारच्या काकूंनी चांगलं वाळलेलं लाकूड घेतलं. त्यातही थोडं पाणी असतंच, २० टक्के धरू. काकूंच्या १०० किलोत खरं लाकूड ८० किलो! तुमच्याइतकंच खरं लाकूड हवं असतं, तर काकूंना फक्त साडेबासष्ट किलो घ्यावं लागलं असतं. उरलेल्या साडेसदतीस किलोंचे पैसे तुम्ही पाण्यासाठी मोजलेत. आणि तेही घरापर्यंत वाहून आणलंत.

गंमत इथेच संपत नाही. पाणी असेपर्यंत लाकूड नीट तापत नाही, कारण आगीची उष्णता आधी त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. आता लाकूड जळतं म्हणजे काय होतं? ते तापलं की त्यातून वायू बाहेर पडतात आणि ते वायू पेट घेतात. आपल्याला ज्वाळा दिसतात त्या याच वायूंच्या. पण चूल पुरेशी तापलेली नसेल, तर हे वायू न पेटताच निसटतात. त्यालाच आपण धूर म्हणतो. म्हणजे धूर हे वाया गेलेलं जळणच, बरं का!

फोडायचं कशाला?

ओंडका तसाच उन्हात टाकला तर? वाळेल, पण फार सावकाश. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी असते. साबुदाण्याच्या पापडासारखं ते सगळीकडून सारखं नसतं. उसासारखं लांबीच्या दिशेने रेषा असलेलं असतं. नळ्यांची तोंडं कापलेल्या टोकांना उघडी असतात, तिथून पाणी लवकर निघतं. बाजूंना मात्र सालीचा रेनकोट असतो! तो झाड जगावं म्हणून पाणी आत राखतो आणि झाड तोडल्यावरही आपलं काम इमानाने करत राहतो.

म्हणून ओंडका फोडायचा. २० सेंटिमीटर व्यासाचा आणि ४० सेंटिमीटर लांबीचा ओंडका घ्या. त्याचा सगळा पृष्ठभाग, दोन्ही टोकं धरून, साधारण ३,१४० चौरस सेंटिमीटर भरतो. तो उभा फोडून चार फाका केल्या की आणखी ३,२०० चौरस सेंटिमीटर नवा भाग उघडा पडतो. म्हणजे पृष्ठभाग दुपटीहून जास्त झाला आणि नव्या भागावर साल नाहीच. भूमितीच्या तासाला शिकलेलं सूत्र असं चुलीपाशी उपयोगी पडतं!

फोडताना लाकूडफोड्या नुसती ताकद लावत नाही. तो आधी ओंडक्याचं तोंड वाचतो. वाळताना टोकाला भेगा पडलेल्या असतात. त्या भेगेच्या रेषेत घाव घातला की लाकूड स्वतःहून वाट देतं. गाठ टाळायची, कारण गाठ म्हणजे फांदी जिथून फुटली ती जागा. तिथे नळ्या वळलेल्या, गुंतलेल्या असतात. फारच चिवट ओंडका असेल तर भेगेत लोखंडी पाचर बसवून वरून घण घालतात. घणाचा घाव खाली जातो, पण पाचरीच्या उताराने तो जोर दोन्ही बाजूंना ढकलतो आणि नळ्या एकमेकींपासून सुटतात. पंचतंत्रातलं ते आगाऊ माकड आठवतं? अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर त्याने उपटली आणि चिमटीत सापडलं! तिथेही पाचरीने हाच जोर धरून ठेवला होता. कुऱ्हाड आणि घण मात्र मोठ्यांच्याच हाती असू द्या. बघायला उभे राहायचं तरी दूर, कारण ढलपी कुठे उडेल याचा नेम नसतो.

फोडलेलं लाकूड थेट मातीवर टाकायचं नाही. खाली दगड किंवा दोन आडवी लाकडं ठेवायची, फाकांच्या मधून वारा खेळेल असं रचायचं. पावसाळ्यात वरून झाकायचं, पण बाजू उघड्या ठेवायच्या. चहूबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलंत, तर आतली वाफ आतच राहील आणि लाकडाला बुरशी येईल.

बाभूळ आणि ॲश

कुठलं लाकूड चांगलं जळतं, असं विचारलं तर आपल्याकडे कुणीही बाभळीचं नाव घेईल. पण एक किलो पूर्ण वाळलेली बाभूळ आणि एक किलो पूर्ण वाळलेला पांगारा यांतून मिळणाऱ्या उष्णतेत फार फरक नसतो! फरक असतो तो घट्टपणात. बाभळीचं वाळलेलं लाकूड घनमीटरला साधारण ८०० किलो भरतं. पांगाऱ्याचं त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे तेवढ्याच आकाराची बाभळीची फाक जास्त वेळ पुरते आणि तिचे निखारे टिकतात. पांगारा भुर्रकन जळून जातो.

युरोपात बाभळीचा हा मान ॲश नावाच्या झाडाला आहे. या झाडाला तुम्ही अप्रत्यक्षपणे ओळखता, कारण इंग्लंडमध्ये क्रिकेटचे स्टंप परंपरेने याच लाकडाचे बनवतात. त्याच्या रेषा सरळ असतात, म्हणून ते सहज फुटतं. शिवाय ताज्या ॲशमध्ये पाणी इतर झाडांपेक्षा कमी, वजनाच्या सुमारे एक तृतीयांश असतं. त्यामुळे ते लवकर वाळतं. चिवट आणि लवचीक असल्यामुळे तिकडे कुऱ्हाडीचे दांडेही ॲशचेच. आपल्याकडे हे काम धावडा करतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण तिकडेही चालली असती!

झाड न मारता

सरपण म्हटलं की झाड आडवं केलंच पाहिजे, असं मात्र नाही. ॲशचं खोड जमिनीलगत कापलं की बुडख्यातून नवे फुटवे येतात. काही वर्षांनी ते मनगटाएवढे झाले की पुन्हा कापायचे. युरोपातल्या काही वनांत एकाच बुडख्याने अशी शेकडो वर्षं सरपण पुरवलं आहे. आपल्याकडे हाच गुण सुबाभळीत आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरळीकांचनला स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने चारा आणि जळणासाठी सुबाभळीचा खूप प्रसार केला. आपली साधी बाभूळ अशी नीट फुटत नाही, पण तिची युक्ती निराळी आहे. तिच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात आणि लेंड्यांतून बिया दूरवर पेरत जातात.

आणि एक लक्षात ठेवा. शहरात झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ चा कायदा आहे. झाड तोडायचं तर आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

सरपणातले चोरटे प्रवासी

कुऱ्हाड आणि काडेपेटी यांच्या मधल्या दिवसांत लाकडातून पाणी बाहेर पडतं. पण कधी कधी दुसरंही कुणी बाहेर पडतं!

२००२ साली अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहराजवळ एक चकचकीत हिरवा भुंगेरा सापडला. मूळचा तो पूर्व आशियातला. मालाच्या लाकडी खोक्यांतून तो समुद्रापार आला असावा, असं मानतात. त्याच्या अळ्या ॲशच्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात. त्यामुळे अन्नरसाची वाट तुटते आणि भलंथोरलं झाड काही वर्षांत वाळून जातं. हा भुंगेरा स्वतः उडून फार लांब जात नाही. मग तो तीस-पस्तीस राज्यांत पोहोचला कसा? बऱ्याच ठिकाणी सरपणात बसून! सहलीला निघालेली माणसं शेकोटीसाठी घरची लाकडं गाडीत टाकायची. सालीखालच्या अळ्याही सोबत फुकट प्रवास करायच्या. सरपण एका भागातून दुसऱ्या भागात नेऊ नका, असा तिथे मोठा प्रचार करावा लागला. तोवर कोट्यवधी ॲश मेले होते.

आता पुन्हा पिंपळगावच्या रस्त्यावर येऊ. द्राक्षवेलीचं खोड पोखरणारे भुंगेरे आपल्याकडेही आहेत. त्यांतला स्ट्रोमॅशियम नावाचा भुंगेरा मुळात कोरड्या लाकडाचा रहिवासी. वाळलेल्या लाकडात त्याच्या अळ्या दीर्घकाळ जगू शकतात. दुसरा एक खोडकिडा बाभळीवरही आढळतो आणि द्राक्षवेलीवरही. किडलेल्या बागेतली जुनी खोडं सरपण म्हणून बांधावर वर्षभर रचून ठेवली, तर शेजारच्या निरोगी बागेला धोका असतो. मग अशा लाकडाचं काय करायचं? ते साठवायचं नाही, दुसऱ्या गावालाही द्यायचं नाही. भुंगेरे बाहेर पडण्याआधी तिथल्या तिथे जाळून टाकायचं. खोडावर भोक आणि खाली भुशासारखा चुरा दिसला, तर घरातल्या मोठ्यांना जरूर दाखवा. बाग वाचवायला एखादी बारीक नजर पुरते.

धूर कुणाच्या डोळ्यांत?

तुम्ही म्हणाल, आता घरोघरी गॅस आहे, सरपणाचं कौतुक कशाला? २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यापाड्यांत गॅस पोहोचला, हे खरं. पण सिलिंडर परवडत नाही म्हणून गॅसबरोबर चूलही चालू ठेवणारी घरं खूप आहेत. आंघोळीचं पाणी चुलीवर आणि चहा गॅसवर, अशी वाटणी असते. नाशिकला तर चुलीवरची मिसळ खायला लोक मुद्दाम गाडी काढून जातात!

मिसळ खाऊन आपण तासाभरात निघतो. चुलीपुढे बसणारी बाई मात्र रोज तिथेच असते. घरातल्या चुलींच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गॅस मिळणं हाच यावरचा खरा उपाय. पण जिथे अजून चूल आहे तिथे सरपण फोडलेलं आणि वाळलेलं असणं, वर धुराला वाट असणं, एवढ्यानेही धूर कमी होतो. कोरडं लाकूडही थोडा धूर करतंच, पण ओल्या फाटीसारखा तो डोळ्यांतून पाणी काढत नाही. तेव्हा घरात चूल असेल, तर सुट्टीत सरपण रचायचं काम तुम्ही अंगावर घ्या.

करून पाहा

वाऱ्याने पडलेली किंवा छाटलेली एक ओली फांदी मिळवा. झाड तोडायचं नाही! मनगटाएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे तीन सारखे तुकडे मोठ्यांकडून कापून घ्या. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्याची साल काढा. तिसरा उभा फोडून चार फाका करून घ्या. तिन्हींचं वजन किराणा दुकानातल्या काट्यावर करून वहीत लिहा. मग ते हवेशीर जागी ठेवा आणि दर रविवारी पुन्हा वजन करा. आलेख काढा: आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर ग्रॅम.

ज्याचं वजन सलग दोन आठवडे बदललं नाही, तो तुकडा वाळला. शर्यत कोण जिंकतं, आणि सुरुवातीच्या वजनाच्या किती टक्के पाणी उडून गेलं, हे काढा. वाळलेल्या दोन फाका एकमेकींवर आपटून ऐका. टणक, खणखणीत आवाज येईल. आठवड्याभराच्या ओल्या तुकड्यांचा आवाज मात्र 'थप्प' असा बसका येतो. पुढच्या वेळी घरी सरपणाचा टेम्पो आला, की पैसे देण्याआधी दोन फाका उचला आणि आपटून बघा!