सत्तर हजारांचा फरक कानाला किती ऐकू येतो?

सुमारे १ लाख ३० हजार आणि सुमारे ६० हजार. सेनहायझरचे आयई ९०० आणि आयई ६०० हे दोन इन-इअर मॉनिटर अनुक्रमे २०२१ आणि २०२२ मध्ये बाजारात आले, तेव्हाच्या या भारतातल्या किमती. मधला फरक ७० हजारांचा. पहिल्याच्या किमतीत १८ टक्के जीएसटीच जवळपास १९,८०० रुपये होतो. एवढ्या पैशांत जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कामापुरते इयरफोन पिशवीभर मिळतील. तरीही हौशी माणूस हा प्रश्न विचारतोच, आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे: दुपटीहून जास्त पैसे मोजल्यावर दुप्पट चांगले ऐकू येते का?

कंपनीच्या तक्त्यापासून सुरुवात करू. आयई ९०० चा पल्ला ५ हर्ट्झ ते ४८,००० हर्ट्झ, आयई ६०० चा ४ ते ४६,५००. आवाजाचे विरूपण, म्हणजे मूळ सुरात नसलेले जे काही यंत्र स्वतःहून मिसळते ते, ०.०५ टक्के आणि ०.०६ टक्के. संवेदनशीलता १ व्होल्टला १२३ डेसिबल आणि ११८ डेसिबल. ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, दोन्हींत एकेकच, ७ मिलिमीटरचा, एकाच घराण्यातला. याच आकाराचा ड्रायव्हर २०२३ साली आलेल्या आयई २०० मध्येही आहे, आणि त्याची किंमत होती १५० डॉलर. आयई ६०० ची साधारण ७००, आयई ९०० ची १,३००.

आता एकेक आकडा कानाशी लावून पाहू. माणसाला तरुणपणी २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते. चाळिशीनंतर बहुतेकांचा कान १४-१५ हजारांच्या आसपास थांबतो. सीडीत २२,०५० हर्ट्झच्या वर काही नसतेच. आपली अहिराणी गाणी बहुतांशी यूट्यूबवर ऐकली जातात, आणि तिथल्या नेहमीच्या १२८ केबीपीएस एएसी आवाजात १६ हजारांच्या आसपास कात्री लागते. मागे गेलो तर पट्टा आणखी अरुंद. बालगंधर्वांचे गाण्याचे सुरुवातीचे शिक्षण जळगावात महेबूब खाँ यांच्याकडे झाले. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या काळातल्या ध्वनिमुद्रिका भोंग्यात गाऊन घेतल्या जात, तेव्हा साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही तबकडीवर उतरत नव्हते. १९२५ नंतर विजेचे ध्वनिमुद्रण आले आणि हद्द ५ हजारांपर्यंत सरकली. म्हणजे ४८ हजार की ४६,५००, या वादाचा आपण ऐकतो त्या एकाही गाण्याशी संबंध नाही. शिवाय किती डेसिबलच्या चढउतारात हा पल्ला मोजला, ते सांगितल्याशिवाय असा आकडा अर्धवटच.

विरूपणाचे गणित थोडे खोलात जाऊन करण्यासारखे आहे. ०.०५ टक्के म्हणजे मूळ आवाजापेक्षा ६६ डेसिबल खाली; ०.०६ टक्के म्हणजे साधारण ६४.४ डेसिबल खाली. हे माप ९४ डेसिबलवर घेतलेले आहे आणि तो चांगला मोठा आवाज असतो. तेव्हा एका यंत्राचे विरूपण २८ डेसिबलवर येते, दुसऱ्याचे २९.६ वर. रात्री दारे-खिडक्या लावलेल्या शांत खोलीतसुद्धा ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. त्यावर ९४ डेसिबलचे गाणे चालू असताना दीड डेसिबलचा हा फरक कुणाच्याही कानाला सापडणार नाही. आयई २०० चे विरूपण ०.०८ टक्के. तेही या हिशेबात ३२ डेसिबलच्या आसपास येते.

तक्त्यातला तिसरा आकडा, संवेदनशीलतेचा, मात्र माणसाला फसवतो. दोन्ही यंत्रे एकाच फोनला, एकाच व्हॉल्यूमवर लावली तर आयई ९०० जवळपास ५ डेसिबलने मोठा वाजतो. आणि मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो: भरदार, उघडा, तपशिलाचा. दुकानात किंवा मित्राच्या घरी पाच मिनिटे आलटून पालटून ऐकणारा माणूस इथेच निकाल देऊन मोकळा होतो. ७० हजारांचा निर्णय व्हॉल्यूमच्या दोन-तीन पायऱ्यांवर होतो, हे मला फार चुकीचे वाटते. तुलना करायचीच तर आयई ६०० चा आवाज तेवढा वर घ्या, गाण्याची तीच ओळ पुन्हा पुन्हा लावा, आणि कोणता कानात आहे हे दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या.

याच आकड्यातून एक खर्च वाचतो. ८५ डेसिबल वाजायला आयई ९०० ला सुमारे १३ मिलिव्होल्ट लागतात, आयई ६०० ला २२. फोनला लावायचा साधा डाँगल अर्धा व्होल्ट सहज देतो. म्हणून या दोघांसाठी वेगळा महागडा अँप्लिफायर घेण्याची गरज नाही.

मग ७० हजार जातात कुठे? जळगावच्या सराफाकडे बिलावर सोन्याचे वजन वेगळे आणि घडणावळ वेगळी लिहितात. इथे दोन्ही एकाच रकमेत मिसळलेले असते, आणि त्यात घडणावळ भारी आहे. आयई ९०० चे कवच अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेले आहे, आणि वरच्या पट्टीतली नको ते गुंजन शोषून घेणाऱ्या तीन बारीक पोकळ्या त्या धातूतच कोरलेल्या आहेत. हे काम खरोखर अवघड आहे. आयई ६०० चे कवच झिर्कोनियमच्या स्फटिकरहित मिश्रधातूचे, थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेले. उत्तम पोलादापेक्षा तिप्पट कठीण असा कंपनीचा दावा आहे. टिकाऊपणात स्वस्त भाऊ मागे नाही, उलट काकणभर पुढेच असावा.

आवाजाच्या वळणात फरक आहे, पण तो आवडीचा आहे. दोन्हींत खर्ज उठावदार ठेवलेला आहे आणि २ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा थोडा मागे. गाणाऱ्या आवाजाची धार, शब्दाचा उच्चार, सारंगी-हार्मोनियमची टोकदार बाजू याच पट्ट्यात असते. लता मंगेशकरांची जुनी गाणी ऐकताना मला आयई ९०० मध्ये आवाज किंचित मागे उभा वाटतो, आयई ६०० मध्ये जरा समोर. उलट हळदीच्या रात्री वाजते तसले, ५०-६० हर्ट्झच्या ठोक्यावर उभे असलेले अहिराणी गाणे लावले की आयई ९०० चा खर्ज खोल जातो आणि वरचे झांजेचे सूरही अधिक सुटे, गुळगुळीत ऐकू येतात. हा फरक खरा आहे. पण २-३ डेसिबलची अशी ओढाताण फोनमधला इक्वलायझर फुकटात करून देतो.

येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोन मोजून त्यांची किंमत आणि आवाजाचा आलेख ताडून पाहिला. दोन्हींत संबंध आढळला नाही. घासाघीस करणाऱ्या प्रत्येक ग्राहकाने हा निष्कर्ष जवळ ठेवावा.

किमतीपेक्षा जास्त फरक करतो तो कानात बसणारा रबरी टिप. तो नीट बसला नाही आणि बारीकशी फट राहिली, तर १०० हर्ट्झच्या खालचा आवाज १० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त पडतो. म्हणजे १ लाख ३० हजारांचे यंत्र ५०० रुपयांच्या इयरफोनपेक्षा पोकळ वाजू शकते. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या पुढे जातो. घामाने सिलिकॉनचा टिप सरकतो, तेव्हा फोमचा टिप वापरून पाहावा. डबीतले सगळे आकार दोन्ही कानांना स्वतंत्रपणे लावून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळे माप लागते, असे अनेकांचे असते.

टिप नीट बसल्याचा फायदा श्रवणशक्तीलाही होतो. जळगाव-धुळे एसटीत आवाज ७५ डेसिबल धरला, तर साध्या उघड्या इयरफोनवर गाणे ऐकण्यासाठी माणूस ८५-९० पर्यंत जातो. चांगला बसलेला इन-इअर बाहेरचा आवाज साधारण २० डेसिबलने कमी करतो, मग ७० वरही तेच गाणे पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकात प्रौढांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. अर्ध्या व्होल्टवर आयई ९०० जवळपास ११७ डेसिबलपर्यंत पोहोचू शकतो. रहिवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल असताना वरातीचा डीजे सहन करून आपले कान आधीच दमलेले आहेत. त्यांच्यावर हे ओझे आणखी घालू नका.

माझा निकाल असा. पैसा हा प्रश्नच नसेल आणि खोल खर्जाची, कोरीव कारागिरीची आवड असेल तर आयई ९०० घ्या, वस्तू अस्सल आहे. बाकी सगळ्यांनी आयई ६०० वर थांबावे. आणि ज्यांचे ऐकणे मुख्यतः यूट्यूबवर आहे, त्यांनी आधी आयई २०० कानात घालून पाहावा, सोबत दोन जोड्या चांगले टिप घ्यावेत, आणि ते पुरते की नाही हे व्हॉल्यूम सारखा करून ठरवावे.