पांझराकाठचे फड

"दुष्काळ म्हणजे काय?" असे वर्गात विचारले की "पाऊस न पडणे" हे उत्तर मुले तत्काळ देतात. ते चुकीचे नाही, अपुरे मात्र आहे. धुळे जिल्ह्याचा बराचसा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तेथे पाऊस पूर्वीही बेताचाच पडे. तरीही साक्रीकडून येणाऱ्या पांझरेच्या काठी, आणि नाशिक जिल्ह्यात मोसम व आरम या नद्यांच्या काठी, निदान तीन शतके ऊस-गहू पिकत आला. तो कसा, हेच आज सांगावयाचे आहे.

नदीत दगडी बंधारा घालावयाचा, अडलेले पाणी केवळ उताराच्या बळावर पाटाने शेतांत न्यावयाचे आणि उरलेले सांडव्यावरून खालच्या गावाच्या बंधाऱ्याकडे जाऊ द्यावयाचे, एवढे पुष्कळ ठिकाणी आढळते. खरे कौशल्य यापुढचे आहे. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सर्व जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडीत. हेच फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. यंदा एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात एखादे हंगामी पीक, आणि पुढील वर्षी पालट. शेतकऱ्याची सारी जमीन एकाच फडात नसे. बहुधा तिचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असत. जमिनीचे तुकडे पडणे हा दोष, असे आम्ही शिक्षक मुलांना सांगत आलो; येथे तोच गुण ठरला! नदीचे पाणी ओसरलेले दिसले की एखादा फड पडीत ठेवीत आणि तूट प्रत्येक घराच्या वाट्याला थोडीथोडी येई. पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांचा मेहनताना शेतकरीच देत. पाटातील गाळही तेच काढीत. नियम कोठे लिहिलेले नव्हते, पण ते मोडण्याची छाती सहसा कोणाला होत नसे.

पुढे पांझरेवर लाटीपाडा व अक्कलपाडा ही धरणे झाली. काठच्या विहिरींवर प्रथम इंजिने, मग विजेचे पंप आले. पावसाळ्यानंतर भूमीतून पाझरून जे पाणी नदीला मिळावयाचे, ते वाटेतच उपसले जाऊ लागले. ज्याची स्वतःची विहीर झाली, त्याला फडाची गरज उरली नाही. त्याला कांदा हवा, मग शेजारी गहू घेवो की काही. त्याने वर्गणी थांबविली, गाळ काढावयास माणूस धाडला नाही. त्याला दोष तरी कसा द्यावा? पण पाट तुंबला तो ज्यांना विहीर खोदणे परवडत नव्हते त्यांचा. आणि जेव्हा पाऊस दगा देतो, तेव्हा विहिरीही आटतात. त्या वेळी तूट वाटून घेण्याची व्यवस्था जागेवर नसते.

काही गावांतून फड अद्याप चालतात. बंधारे दगडाचे असल्याने पुष्कळसे उभे आहेत. मात्र उन्हाळ्यात त्यांच्यापर्यंत पाणी केव्हा पोहोचावयाचे, हे आता पाटकरी नव्हे, वरच्या धरणावरील कचेरी ठरविते.