हृदयावरचा जुना व्रण आणि तीन तारांचा पेसमेकर

दोन जिने चढले की अब्बांना दम लागतो. रात्री उशीला उशी लावल्याशिवाय झोप येत नाही, पायांवर सूज असते. तपासणी होते आणि डॉक्टर सांगतात, “सीआरटी बसवावे लागेल.” खर्च लाखांत असतो. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : याने गुण येईल ना?

हे यंत्र काय करते ते आधी पाहू. लग्नघरी बिर्याणीची देग दोघांनी एकाच वेळी उचलली तर सरळ उठते. एकाने उशीर केला की ती कलंडते. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतींचेही तसेच आहे. ‘लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक’ असला की विजेचा संदेश बाहेरच्या भिंतीपर्यंत उशिरा पोहोचतो. एक भिंत आकुंचन पावते तेव्हा दुसरी सैल असते, आणि रक्त पूर्ण जोराने बाहेर पडत नाही. सीआरटीची एक तार उजवीकडे, तर दुसरी शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर जाते. बहुतेकांना वरच्या उजव्या कप्प्यातही एक तार असते. यंत्र दोन्ही बाजूंना जवळपास एकाच वेळी इशारा देते.

पण जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांना अपेक्षित फायदा होत नाही. त्याचे एक मोठे कारण म्हणजे जुन्या हार्ट अटॅकचा व्रण. मेलेल्या स्नायूच्या जागी चिवट तंतू तयार होतात. त्यांतून वीज नीट वाहत नाही आणि ते आकुंचनही पावत नाहीत. तारेचे टोक नेमके तिथेच टेकले, तर इशारा देऊनही ऐकणारे कोणी नसते.

नेदरलँड्समधील लायडनच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अशा ४० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मागच्या-बाहेरच्या भिंतीत निम्म्याहून जास्त जाडीचा व्रण असलेल्यांपैकी फक्त १४ टक्के रुग्णांना गुण आला. तसा व्रण नसलेल्यांत हे प्रमाण ८१ टक्के होते. अभ्यास लहान होता, पण इशारा स्पष्ट आहे.

व्रण कुठे व किती आहे, हे गॅडोलिनियम देऊन केलेल्या हृदयाच्या एमआरआयमध्ये दिसते. यंत्र बसवल्यावर चित्र धूसर येऊ शकते, म्हणून ही चौकशी आधीच करावी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेही सांगावे.

व्रण आहे म्हणजे सगळे संपले असे मात्र नाही. तार दुसऱ्या शिरेतून निरोगी स्नायूपर्यंत नेता येते. चार टोकांची तार वापरून चांगली जागा निवडता येते. काहींना थेट डाव्या विद्युतवाहिनीजवळ तार बसवतात. औषधे मात्र चालूच ठेवावी लागतात.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना जुन्या अटॅकची फाईल सोबत न्या आणि तीन गोष्टी विचारा. ईसीजीत क्यूआरएस किती रुंद आहे? (१५० मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर फायद्याची आशा वाढते.) व्रण कुठे आहे? तिथे तार बसवणे टाळता येईल का? हे विचारण्यात बेअदबी नाही. घराची जमापुंजी आणि अब्बांची उमेद, दोन्ही या उत्तरांवर अवलंबून आहेत.