नकाशावर नकाशा

बंगळूरला बारमाही नदी नाही. पूर्वजांनी उंचसखल पठारावर तळ्यांची साखळी बांधली; एक तळे भरले की जादा पाणी ‘राजकालुवे’ या नाल्यांतून खालच्या तळ्यात जाई. सप्टेंबर २०२२ च्या पुराने या वाटांची आठवण करून दिली. त्या नेमक्या कोठे होत्या? हे ठरविण्यासाठी जुना महसुली नकाशा व उपग्रहचित्र, दोहोंतील मंदिर, विहीर अशा समान खुणा जुळवून, एकाच अक्षांश-रेखांशांत बसवावी लागतात. जुळणी दहा मीटरांनी चुकली, तरी नाला शेजारच्या घरावर सरकतो. १९८२ मध्ये आरंभलेली ‘ग्रास’ व २००२ मधील ‘क्यूजीआयएस’ या मुक्त संगणकप्रणालींची गणनरीती सर्वांस खुली आहे. म्हणून नकाशे हाती असल्यास घरमालकासही तोच हिशेब पडताळून पाहता येतो.