सिव्हिल, साईट आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट

फायनल इयर आलं की होस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये एकच विषय : पुढे काय? सिव्हिलवाल्यांची उत्तरं ठरलेली. कुणाला एमपीएससी, कुणाला गेट, कुणाला स्ट्रक्चरमध्ये मास्टर्स. आणि एखादा हमखास म्हणतो, "आपण प्रोजेक्ट मॅनेजमेंट करणार बाबा, साईटवर उन्हात कोण मरणार!"

मित्रांनो, हा गैरसमज आधी दूर करू या. बांधकामातला प्रोजेक्ट मॅनेजर आधी साईटवरच तयार होतो. काम ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या पैशात, ठरलेल्या दर्जाचं आणि कुणाला इजा न होता पुरं करणं ही त्याची जबाबदारी. ऐकायला सोपं वाटतं, पण कोकणात तर ते फारच अवघड आहे. का, ते एका हिशेबाने पाहू.

एका छोट्या पुलाचं गणित

समजा वहाळावर एक छोटा पूल बांधायचा आहे. माती परीक्षण १५ दिवस, खोदाई आणि पाया ४० दिवस, पिअर ४५ दिवस, गर्डर बसवणं २० दिवस, वरचा स्लॅब ३० दिवस. ही कामं एकामागून एकच होणार. बेरीज १५० दिवस. गर्डर कास्टिंगला ६० दिवस लागतात, पण ते पाया-पिअरच्या ८५ दिवसांत बाजूला चालू ठेवता येतं. म्हणजे त्याला २५ दिवसांची सवड आहे. याला म्हणतात फ्लोट. ज्या साखळीला अजिबात सवड नाही ती क्रिटिकल पाथ. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत पुढे आली आणि आजचं प्रायमाव्हेरा किंवा एमएस प्रोजेक्ट याच तत्त्वावर चालतं.

आता १ डिसेंबरला काम सुरू केलं तर २९ एप्रिलला पूल तयार. पण जागेचा ताबा मिळायला दोन महिने उशीर झाला तर? स्लॅबची पाळी ३० मेला येते. सेंटरिंग लागेपर्यंत जूनचा पहिला आठवडा, आणि मग पाऊस! वहाळाला पाणी आलं की सेंटरिंग टिकत नाही. स्लॅब गेला थेट ऑक्टोबरवर. दोन महिन्यांचा उशीर सहा महिन्यांचा झाला. त्या सहा महिन्यांचं मशिनरीचं भाडं, स्टाफचा पगार, कर्जाचं व्याज चालूच. आणि पलीकडच्या वाडीतली पोरं आणखी एक पावसाळा लांबच्या वाटेने शाळेत जाणार. हे नोव्हेंबरमध्येच ओळखून जो वरिष्ठांना स्पष्ट सांगतो, तो खरा प्रोजेक्ट मॅनेजर.

दाराशी असलेलं उदाहरण

यासाठी फार लांब जायला नको. आपली कोकण रेल्वे बघा. १९९० मध्ये कॉर्पोरेशन स्थापन झालं, ई. श्रीधरन पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे आणि लहानमोठे मिळून जवळजवळ दोन हजार पूल. सगळा मार्ग सात विभागांत वाटला आणि प्रत्येक विभागाला एक चीफ इंजिनिअर नेमून निर्णयाचे अधिकार दिले. रत्नागिरीचेच दोन विभाग होते, उत्तर आणि दक्षिण. बारीकसारीक फाईल मुख्यालयात पाठवून वाट बघत बसायचं नाही, हा त्यामागचा विचार.

उक्षी ते भोके दरम्यानचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा या मार्गावरचा सर्वांत लांब. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. इतक्या उंचीवर खालून सेंटरिंग उभारणं परवडणारं नव्हतं. म्हणून एका टोकाला तुकड्या-तुकड्याने डेक ओतायचा आणि जॅकने पुढे ढकलत न्यायचा, ही इन्क्रिमेंटल लाँचिंगची पद्धत वापरली. तंत्राची निवड हासुद्धा मॅनेजमेंटचाच निर्णय असतो.

तरीही ठरलेल्या पाच वर्षांत काम झालं नाही. गोव्यात मार्गावरून आंदोलन झालं, १९९३ मध्ये तिथलं काम थांबलं. पेडण्याच्या बोगद्यात पाण्याने भरलेली मऊ माती वारंवार ढासळत राहिली. कठीण कातळ फोडायची तयारी होती, चिखलाने दमवलं. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

याउलट मुंबई-गोवा महामार्ग. पळस्पे-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि भूसंपादन, ठेकेदारांच्या पैशाच्या अडचणी यांत वर्षानुवर्षं रखडलं. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणला बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. गणपतीला गावी जाणारा प्रत्येक चाकरमानी या रखडपट्टीचा हिशेब तोंडपाठ सांगेल.

वाटचाल कशी?

पास झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं साईट इंजिनिअर म्हणून काढा. लाईन-लेव्हल, बार बेंडिंग शेड्यूल, मेजरमेंट बुक, आर.ए. बिल हे हाताखालून गेलं पाहिजे. मुकादमाला विचारा, एका गँगकडून दिवसात किती शटरिंग होतं. हा आकडा कुठल्याच पुस्तकात तुमच्या साईटपुरता मिळणार नाही. त्यानंतर प्लॅनिंग, बिलिंग किंवा कॉन्ट्रॅक्ट्स, आणि मग प्रोजेक्ट मॅनेजर.

पुढे शिकायचं असेल तर पुण्याची निकमार ही याच विषयाला वाहिलेली संस्था. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्येही कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पीएमपी सर्टिफिकेटसाठी पदवीनंतर काही वर्षांचा प्रकल्पांचा अनुभव लागतो, तेव्हा थर्ड इयरलाच त्याच्या क्लासची जाहिरात बघून फी भरू नका.

आत्ता करण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. जवळपास कुठे बांधकाम चालू असेल तर परवानगी काढून, डोक्यावर हेल्मेट घालून, दर शनिवारी एक चक्कर मारा. काय झालं, काय अडलं आणि का अडलं, हे वहीत लिहा. सहा महिन्यांनी वही उघडा. बहुतेक उशीर सिमेंटपेक्षा कागदावर, जागेवर आणि न सांगितलेल्या गोष्टींवर झालेला दिसेल. इंटरव्ह्यूला सर्टिफिकेटांच्या फाईलबरोबर ही वहीही घेऊन जा.