चार दिवस कुणाकडे ठेवायचं?

संपादकांचा प्रश्न सरळ होता. घरातल्या बौद्धिक दिव्यांग मुलाला किंवा मुलीला चार दिवस कुठे ठेवायची वेळ आली, तर पुण्यात सोय आहे का, आणि असली तर ती कितपत चांगली आहे? पहिल्या भागाचं उत्तर दोन-चार फोन केले की कळतं. सोय आहे, पण थोडी. दुसऱ्या भागाने मात्र मला धरून ठेवलं, कारण ते उत्तर कुणी कुठे लिहूनच ठेवलेलं नाही.

‘मूल’ म्हटलं की डोळ्यांसमोर आठ-दहा वर्षांचं पोर येतं. या घरांतलं मूल पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस वर्षांचं असतं. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांचं सरासरी आयुर्मान १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतसुद्धा पंचविशीच्या आसपास होतं. आता ते साठीच्या घरात पोचलं आहे. वैद्यकशास्त्राने केलेलं हे मोठं काम आहे. त्याचा भार मात्र घरातल्या आईवर येऊन पडला आहे. पंचाहत्तरीची बाई पंचेचाळिशीच्या मुलाची दाढी करते, त्याला न्हाऊ घालते, रात्री दोनदा उठवते. नात्यातल्या लग्नाला ती जाते किंवा तिचे यजमान जातात, दोघं जोडीने कधीच नाही. मोतीबिंदू पिकत राहतो, गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर जातं. ‘चौकट राजा’ हा चित्रपट १९९१ साली आला तेव्हा दिलीप प्रभावळकरांचा बौद्धिक दिव्यांग नंदू सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. नंदूच्या आईला एक आठवडा सुट्टी कोण देणार, हा विचार तेव्हा फारसा कुणाच्या मनात आला नसावा.

पुण्या-मुंबईत या क्षेत्रातलं काम जुनं आहे. मुंबईत १९४४ साली एका आई-वडिलांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने जय वकील शाळा काढली. पुण्यात १९६४ मध्ये ‘कामायनी’ ही शाळा सुरू झाली. पुढे सेवासदनचं दिलासा केंद्र आलं, गणेशखिंड रस्त्यावर बालकल्याण संस्था उभी राहिली. या शाळा, कार्यशाळा आणि केंद्रं दिवसाची, म्हणजे संध्याकाळी मूल घरी. ती मुलं मोठी झाली, पालक थकले, आणि पालकांच्या प्रत्येक बैठकीत एकच वाक्य ऐकू येऊ लागलं: आमच्यानंतर काय? त्यातून निवासी घरं उभी राहिली. बदलापूरला ‘आधार’, डोंबिवलीजवळ खोणीला ‘घरकुल’, हिंजवडीच्या पलीकडे मारुंजीत ‘नवक्षितिज’, मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’. यातल्या बऱ्याच जागा पालकांनी स्वतःची पुंजी घालून, स्वतः राबून उभ्या केल्या. ‘साधना व्हिलेज’ची कल्पना कॅम्पहिल चळवळीशी नातं सांगते. डॉ. कार्ल क्योनिग या ऑस्ट्रियातून परागंदा झालेल्या बालरोगतज्ज्ञाने १९४० मध्ये स्कॉटलंडला अ‍ॅबर्डीनजवळ ही चळवळ सुरू केली. मोठ्या वसतिगृहाऐवजी छोटी घरं, आणि घरात एकत्र जेवणारी माणसं.

‘आमच्यानंतर’चं उत्तर असं हळूहळू तयार होत गेलं. आम्ही जिवंत असतानाच, फक्त चार दिवस, या गरजेकडे लक्ष गेलं नाही. कागदावर ती आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तात्पुरत्या निवासाच्या सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. न्यासाची ‘समर्थ’ ही योजना याच कामासाठी होती. तिच्यातच अनाथ आणि निराधार व्यक्तींचा कायमचा निवासही घातला होता. पुढे तिची ‘घरौंदा’ या प्रौढांच्या कायम निवासाच्या योजनेशी सांगड घातली गेली. एकाच छताखाली दोन्ही गरजा आल्या की काय होतं, हे कुणीही ओळखेल. खाटा कायमच्या रहिवाशांनी भरतात. चार दिवसांच्या पाहुण्याला जागा उरत नाही.

तरीही काही संस्था जमेल तसं घेतात. पुण्याच्या पश्चिमेला अशाच एका घरात एका दुपारी मी बसून होतो. घराचं नाव देत नाही, कारण तिथे आलेल्या कुटुंबाची ओळख उघड होता कामा नये. एक आजीबाई आपल्या मुलाला सोडायला आल्या होत्या. कार्यालयात फॉर्म भरून झाला: दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड, आधार, निरामय विम्याचा कागद, रक्ताच्या तपासण्या, गोळ्यांची नावं, तातडीचा फोन. मग सांभाळणाऱ्या मावशी आल्या. वय पन्नाशीचं, जवळच्याच गावातल्या, शिक्षण सातवीपर्यंत. हातात शाळेची दोनशेपानी वही. या मावशींचं काम बघण्यासाठी मी जन्मभर बसून राहीन.

फॉर्ममध्ये नसलेलंच त्या विचारत होत्या. लघवीला जायचं असलं की हा कसं सांगतो? तोंडाने, हाताने, की नुसता उभा राहतो? आंघोळीला पाणी तांब्याने घेतो की मगने? आधी पायावर की डोक्यावर? घरी याला हाक कोण आणि काय म्हणून मारतं? चिडण्याच्या आधी काय करतो? या शेवटच्या प्रश्नावर आजी थांबल्या. चिडल्यावर काय करतो ते डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलं होतं. आधीचं विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. विचार करून त्या म्हणाल्या, उजव्या हाताचा अंगठा शर्टाच्या शेवटच्या गुंडीवर घासतो. मावशींनी ते तसंच लिहिलं, गुंडीसकट. मग वरण-भातावर दही घातलेलं चालतं की बाजूला लागतं ते लिहिलं, झोपताना दिवा चालू की बंद ते लिहिलं, फिट आल्यास कुठल्या कुशीवर वळवायचं ते लिहिलं. गोळ्या मोजून घेतल्या आणि आकडा आजींना वाचून दाखवला. अंगावरची जुनी खूण, कोपरावरचं खरचटलेलं, पाठीवरचा डाग, हे सगळं आजींच्या देखत बघून टिपलं. शेवटी मुलाला विचारलं, तुझी पिशवी तू ठेवतो का मी ठेवू? त्याने पिशवी छातीशी धरली. मावशींनी तेही लिहिलं.

तात्पुरत्या निवासाची गुणवत्ता म्हणतात ती या वहीत आहे. कायमच्या रहिवाशाला समजून घ्यायला संस्थेला महिने मिळतात. चार दिवसांच्या पाहुण्याला तेवढा वेळ कुठला? त्याचं सगळं आयुष्य, आईच्या डोक्यात चाळीस वर्षं साठलेलं, एका दुपारी दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायचं असतं. ते नीट गेलं नाही तर दही भातावर पडतं, ताट भिरकावलं जातं, ‘हिंसक’ असा शेरा बसतो आणि संध्याकाळी एखादी जादा गोळी दिली जाते. पुढच्या वेळी प्रवेश नाकारायला तो शेरा पुरेसा ठरतो.

सेवा कशी होती ते कळतं मूल घरी परतल्यावर. वजन किती उतरलं? कमरेच्या घडीत, मांडीच्या सांध्यात पुरळ आहे का? नखं कापलेली आहेत का? गोळ्या जेवढ्या संपायला हव्या होत्या तेवढ्याच संपल्या का? पोट साफ होतंय का? पहिले दोन दिवस झोप लागते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या वेळी पिशवी बाहेर काढली की ते हसतं की पलंगाखाली शिरतं? बोलता न येणाऱ्या माणसाचा अभिप्राय असाच वाचावा लागतो. पालक तो वाचतात, पण कुठे नोंदवत नाहीत. नोंदवायची जागाच नाही. शिवाय तक्रार केली तर पुढच्या वेळी दार बंद होईल ही धास्ती असते.

बघणारं आणि नोंदवणारं कुणी नसलं की काय होतं, याचा पुणे जिल्ह्यातच एक इतिहास आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातल्या बौद्धिक दिव्यांग तरुणींना ससून रुग्णालयात आणून त्यांतल्या अनेकींची गर्भाशयं काढून टाकली गेली. कारण सांगितलं गेलं ते मासिक पाळीतल्या स्वच्छतेचं. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, तेव्हा ते थांबलं. डॉ. अनंत फडके आणि इतरांनी उच्च न्यायालयात याचिका केली आणि अशा गृहांची अवस्था चव्हाट्यावर आली. तिथे पाळीचे कपडे बदलायला पुरेशा बायका आणि शिकवायला वेळ असता, तर शस्त्रक्रियेचा विचार कुणाच्या डोक्यात आला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथल्या मुलांच्या गृहातल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डॉ. आशा बाजपेयींच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. या गृहांतल्या बहुतेकांना भेटायला कुणी येत नव्हतं. तपासणीचं रजिस्टर असेल, पण शुक्रवारी संध्याकाळी दार ठोठावणारा बाप नव्हता.

म्हणून तात्पुरत्या निवासाच्या दोन खाटा मला कायमच्या रहिवाशांसाठीही मोलाच्या वाटतात. ज्या घरात दर आठवड्याला कुणीतरी नवं येतं आणि कुणीतरी घरी परततं, त्या घरात बाहेरचे डोळे सतत फिरतात. स्वयंपाकघराचा वास, न्हाणीघराची कडी, रात्रपाळीला कोण आहे, हे सगळं कुणीतरी बघून जातं.

नुसती सरकारी तपासणी पुरत नाही, हे इंग्लंडनेही पाहिलं. तिथे प्रौढांच्या अशा सेवा तपासायला २००९ पासून स्वतंत्र आयोग आहे. तो अहवाल जाहीर करतो, आता चार श्रेणीही देतो. तरीही ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक दिव्यांग रुग्णांचा जो छळ चालला होता, तो २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने बाहेर आणला. तिथल्याच एका वरिष्ठ परिचारकाने आयोगाला आधी कळवलं होतं. कारवाई झाली नव्हती.

आपल्याकडे तर जाहीर अहवालच नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा संस्थांना नोंदणी सक्तीची केली आहे. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. डिसेंबर २०२२ पासून राज्याला दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही मिळाला. चौकट उभी आहे. पण कोथरूडच्या आईला दोन संस्थांमधून एक निवडायची झाली, तर तिच्या हाती काय लागतं? ओळखीच्या पालकांचं मत आणि संस्थेचं माहितीपत्रक.

अडचणी संस्थांच्याही आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. रिकामी खाट परवडत नाही. लग्नाच्या मुहूर्तांना आणि मे महिन्यात सगळ्यांना जागा हवी असते, श्रावणात कुणालाच नको असते. मावशीचा पगार मात्र बाराही महिने द्यावा लागतो. चार दिवसांच्या फीमध्ये तो खर्च भरून निघत नाही. फी वाढवली तर ती फक्त आयटीतल्या पगारदारांना परवडते, आणि धायरीतल्या रिक्षावाल्याची बायको पुन्हा घरातच अडकते. रात्रीचा प्रश्न याहून बिकट आहे. दिवसा विशेष शिक्षक असतात, स्वयंसेवक असतात. रात्री दहा ते सकाळी सहा एखाद-दुसरी मावशी आणि झोपलेली सगळी माणसं. फिट रात्रीच येते, अंथरूण रात्रीच ओलं होतं, नव्या जागी भेदरलेलं मूल रात्रीच दार शोधत फिरतं. या कामाचं प्रशिक्षण देणारी ‘सहयोगी’ ही न्यासाची योजना आहे. पण रात्रपाळीचा पगार मॉलमधल्या सुरक्षारक्षकापेक्षा कमी असेल, तर शिकलेली बाई टिकणार कशी? ती गेली की वहीतलं सगळं ज्ञान तिच्याबरोबर जातं.

आणि ज्यांना विश्रांतीची सर्वात जास्त गरज, त्यांनाच सर्वात आधी नकार मिळतो. फिट्स येतात? नको. डायपर लागतो? नको. चावतो, डोकं आपटतो, पळून जातो? अजिबात नको. जे मूल शांत आहे, स्वतः जेवतं, त्याच्यासाठी दार उघडं असतं. त्याच्या आईला निदान बहीण-भावजय तरी मदत करतात. जिच्या मुलाला कुणीच सांभाळू शकत नाही, तिला संस्थाही परत पाठवतात. गुणवत्तेचं मोजमाप करायला कुणी बसलंच, तर आत असलेल्यांच्या आधी दारातून परत पाठवलेल्यांची यादी त्याने मागवावी.

पालकांचाही एक हट्ट यात आडवा येतो, आणि तो प्रेमातून आलेला आहे. मी आहे तोवर दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. मग एक दिवस आई पडते, खुब्याचं हाड मोडतं, आणि जन्मात कधी घराबाहेर न झोपलेलं पन्नाशीचं मूल त्याच रात्री अनोळखी खोलीत जाऊन पडतं. त्या रात्री कितीही चांगली मावशी असली तरी तिच्या हातात वही नसते.

तेव्हा दोन मागण्या आणि एक विनंती. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक निवासी संस्थेत दोन खाटा फक्त तात्पुरत्या मुक्कामासाठी राखीव असाव्यात आणि त्या रिकाम्या राहिल्या तरी त्यांचा खर्च शासनाने द्यावा. आयुक्तालयाने दर वर्षी तपासणीला दोन पालक आणि स्वतः बौद्धिक दिव्यांग असलेली एक व्यक्ती बरोबर न्यावी, निदान एक तपासणी रात्री अकरानंतर करावी आणि अहवाल मराठीत जाहीर करावा. विनंती पालकांना आहे. आजच एक दोनशेपानी वही आणा, मूल लघवीला जायचं कसं सांगतं इथून लिहायला सुरुवात करा, आणि तुमचे हातपाय धड आहेत तोवर त्याला वर्षातून दोनदा, दोन रात्रींसाठी, बाहेर राहायला पाठवा.