विश्लेषण : बाजारात न मिळणारे ‘शकुंतले’चे स्टेशन टेबलावर कसे उभे राहते?

मॉडेल रेल्वेचे इंजिन, डबे, रूळ आता घरबसल्या मागवता येतात. गाडी अडते ती स्टेशनपाशी. इमारतींचे तयार संच प्रामुख्याने जर्मनी, ब्रिटन, अमेरिकेतल्या घरांचे. त्यातून बव्हेरियाचे गाव उभे राहील. कौलारू छपराचे विदर्भातले स्टेशन नाही. ते शून्यापासून स्वतः बनवावे लागते. यालाच ‘स्क्रॅच-बिल्डिंग’ म्हणतात.

किती लहान?
सर्वाधिक प्रचलित ‘एचओ’ स्केल १:८७ चे. सात फुटी दरवाजा त्यात साडेचोवीस मिमीचा होतो. या स्केलचा तयार रूळ १६.५ मिमी रुंद असतो. आपल्या १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजला मात्र १९.३ मिमी हवेत. नॅरोगेजचे गणित जुळते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ‘शकुंतला’ आणि जुनी बार्शी लाइट रेल्वे यांचा गेज ७६२ मिमी. त्याला ८७ ने भागले की ८.८ मिमी. म्हणजे ‘एन’ स्केलचा ९ मिमीचा तयार रूळ चालून जातो.

मापे कुठून आणायची?
आराखडा नसेल तर विटा मोजायच्या. दहा थरांची उंची टेपने घेतली, की समोरून काढलेल्या फोटोतले थर मोजून भिंतीची उंची निघते. भिंतीला गिलावा असेल तर एक मीटरची पट्टी उभी धरून फोटो काढावा. मापे फलाटावरूनच घ्यावीत. विनापरवानगी रुळांवर जाणे गुन्हा आहे.

साहित्य कोणते?
माउंट बोर्ड किंवा सनबोर्ड, कटर, स्टीलची पट्टी, फेविकॉल. कौलांसाठी बारीक नालीचा पुठ्ठा. थर्माकोल वापरल्यास स्प्रे पेंट टाळावा, तो विरघळतो. भिंती आडव्या ठेवूनच दारे-खिडक्या कापाव्यात, नंतर कोपरे काटकोनात जोडावेत. शेवटी खडूच्या भुकटीने धूळ आणि काजळी.

जागा पुरते का?
सुमारे २४ मीटरचा डबा या स्केलमध्ये २७ सेंमीचा होतो. २४ डब्यांच्या गाडीला साडेसहा मीटरचा फलाट लागेल. म्हणून लांबी कमी करतात, पण दार, खिडकी, कौल यांचे माप बदलत नाहीत. पाच कमानींच्या तीन झाल्या तरी चालते. कमान बुटकी झाली की नजरेला खटकते.

हा निव्वळ छंद आहे का?
पुण्यातले जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून असे छोटे जग दाखवत आहे. पण यात नोंदीचाही भाग आहे. शकुंतला बंद पडली, बार्शी लाइट ब्रॉडगेज झाली. ‘अमृत भारत’ योजनेत ऑगस्ट २०२३ मध्ये देशातल्या ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. त्यांपैकी ४४ महाराष्ट्रातली. इमारत बदलल्यावर फोटोतून तिचा चेहरा उरतो, मापे मात्र कुणी तरी आधीच घेऊन ठेवलेली असावी लागतात. त्यामुळे मॉडेल करायचे नसले, तरी गावच्या जुन्या स्टेशनची मापे आजच वहीत उतरवून ठेवणे फायद्याचे.